खारपाणपट्ट्यातली बारा गाडगी

ज्या विहिरीचं पाणी तुम्हाला तोंडात धरवत नाही, तेच पाणी गव्हाच्या चार दिवसांच्या कोंभाला पाजायचं फर्मान निघालं, तर वाचकहो, तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? फर्मानाच्या, की कोंभाच्या?

मी फर्मानाच्या बाजूने उभी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जिंकल्याचं वर्णन करू लागले की कुणी माझी फुकट आरती ओवाळायला नको.

आमचं घर मोर्शीचं. वडील वकील, पण त्यांचा खरा जीव पत्रकांत. स्वातंत्र्याच्या लढ्यातली जप्त झालेली, न झालेली, हाताने उतरवून काढलेली पत्रकं आमच्या माळ्यावर ट्रंका भरून होती आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे अमरावतीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? चार पानी पत्रक लिहिलं. मोर्शीच्या संत्र्यांच्या बागेत बसून, विहिरीच्या गार गोड पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, मी साऱ्या वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना उपदेश केला. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘गावात विहीर आहे, विहिरीत पाणी आहे, विकास गटाकडे खत आहे, मग गहू का नाही? उत्तर एकच, आळस!’

पत्रक गाजलं. तेल्हाऱ्याकडच्या विकास गटाच्या कृषी अधिकाऱ्यांनी त्याच्या प्रती मागवून घेतल्या. मी आठ दिवस जमिनीवर नव्हते.

मग एक पोस्टकार्ड आलं.

‘ताईले नमस्कार. तुमचं पत्रक साहेबानं आमाले वाचून दाखवलं. तुमी आमाले आळशी म्हटलं. आमच्या हिरीचं पाणी एकडाव पिऊन पाहा, मंग म्हणा. मांगच्या साली साहेबानं माह्या वावरात गव्हाले हिरीचं पाणी देल्लं, खत देल्लं. गहू वाढला नाई. आता कार्तिक वद्यात सभा हाय. समद्या गावानं गव्हाले हिरीचंच पाणी द्याचं, असा ठराव करून घेनार हायत. देल्लं तर जमीन जाते. तुमचंच पत्रक दाखवून राह्यले. पुंजाजी.’

मी ते कार्ड तीनदा वाचलं. राग आला तो आधी पुंजाजीचा. दुसऱ्या वाचनात थोडा कमी झाला. तिसऱ्या वाचनात एक शब्द टोचला: ‘तुमचंच’. एका गावाची जमीन जाणार की राहणार, याचा निकाल माझ्या तिसऱ्या पानावर लागायचा होता, आणि मी ते गाव पाहिलंही नव्हतं.

भाऊबिजेनंतर

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती दुसरी दिवाळी. भाऊबीज आटोपली आणि मी निघाले. वडिलांची अट एकच होती: अकोल्याचे बापूमामा बरोबर असतील तरच. मामा शाळेतून निवृत्त झालेले, दिवसातून पाच वेळा चहा घेणारे आणि सहाव्या वेळेची वाट पाहणारे. त्यांनी लगेच होकार दिला, कारण मी संत्र्यांची करंडी आणणार होते.

करंडीत संत्री होती, आणि संत्र्यांच्या मधोमध कापसात गुंडाळलेली काचेच्या बुचाची एक बाटली. गंधकाच्या तेजाबात विरघळवलेलं एक औषध तिच्यात होतं. रोपाचा देठ कापून त्यावर याचा थेंब टाकला आणि देठात नायट्रेट असलं, म्हणजे मातीतल्या खताचं नत्र मुळांनी उचलून वर आणलेलं असलं, तर देठ निळा होतो. नसलं तर होत नाही. कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी ते दाखवलं तेव्हा मी टाळी वाजवली होती आणि वर्गाबाहेर उभी राहिले होते.

नांदगाव पेठेला मोटारीत एक म्हातारबाबा शेजारी बसले. करंडीकडे पाहून म्हणाले, “संत्र्यात बाटली कायची वं पोरी?”

“तेजाब आहे, बाबा.”

“बाप्पा!” म्हणाले आणि अमरावतीपर्यंत उभे राहिले. मी कितीही म्हटलं तरी बसले नाहीत.

अकोल्याला मामा बरोबर आले आणि तेल्हाऱ्यापासून पुढे पुंजाजीने पाठवलेली दमणी, बसायची हलकी बैलगाडी, होती. कापसाची बोंडं फुटून दोन्ही बाजूंनी पांढरं झालेलं रान, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि मध्ये सपाट काळी जमीन, एवढी सपाट की दमणीत बसून कंटाळा येण्याऐवजी छाती मोकळी होते. पण थोड्या वेळाने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. आमच्याकडे विहीर लांबूनच ओळखू येते: भोवती केळी, पपई, चार अळूची पानं, सांडपाण्यावर वाढलेला पुदिना. इथे विहिरी होत्या, पाण्याने भरलेल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती गवताची काडी नव्हती. एखाद्या भरल्या घराला दारच नसावं तशा त्या उघड्या रानात उभ्या होत्या. मी पत्रकात मोठ्या अभिमानाने ‘विहिरीत पाणी आहे’ असं लिहिलं होतं. होतंच की.

एवढ्यात चाक चाकोरीत घसरलं, करंडी कलली आणि बाटलीच्या बुचातून एक थेंब मामांच्या धोतरावर पडला. पाहता पाहता रुपयाएवढं भोक.

“सुमे,” मामा भोकातून बोट बाहेर काढून म्हणाले, “तुझं शास्त्र माझं धोतर खाऊन राहिलं!”

पुंजाजीच्या अंगणात

गावाचं नाव मी लिहीत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या या खारपाणपट्ट्यात अशी गावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाने ते आपलं समजावं.

पुंजाजी पन्नाशीचा, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारा. “आल्या तुमी?” म्हणाला. “मले वाटलं दुसरं पत्रक याईन.” त्याची बायको सुभद्रामाय दारातच लख्ख पितळी लोटा घेऊन उभी होती. मी पाणी तोंडाला लावलं. गोड, गार, मातीच्या रांजणाचा वास असलेलं.

मी लोटा खाली ठेवला. “माय, हे विहिरीचं आहे?”

“हिरीचं?” ती दचकलीच. “अवं माय! झिऱ्याचं हाय. दीड कोसावरून आणलं.” नाल्याच्या वाळूत खड्डा केला की त्यात थोडं थोडं गोडं पाणी पाझरतं, त्याला झिरा म्हणतात. पावसाळ्यात रांजणात धरलेलं पाणी संपलं की या झिऱ्यावर गावाचा पाहुणचार चालतो.

“मला विहिरीचं द्या.”

“पाव्हणीले खारं पाणी देऊ? मंग गावात तोंड कुटी दाखवू मी?” ती आत निघूनच गेली.

शेवटी पुंजाजीने मला विहिरीवर नेऊन ओंजळीत ओतलं. मी एक घोट घेतला. खारट म्हणावं तर त्याच्यामागे कडू, कडू म्हणावं तर जिभेवर साबणासारखं बुळबुळीत. दुसरा घोट घेतला नाही.

“आता म्हणा आळशी,” पुंजाजी म्हणाला. हसत नव्हता.

त्या गावात शिकलेल्या गोष्टी: त्या पाण्याचा चहा केला की दूध फाटतं. साबणाला फेस येत नाही. भाकरीच्या पिठात मीठ घालावं लागत नाही. आणि तुरीची डाळ त्या पाण्यात तासन्तास उकळली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. म्हणून तिथे झणझणीत ठेचा, झुणका, अंबाडीची भाजी रोज, आणि वरण म्हणजे सण. आम्हाला ते दोन्ही वेळा मिळत होतं. डाळीसाठीही सुभद्रामाय झिऱ्याचंच पाणी वापरत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मामांचा पाच वेळचा चहाही त्याच पाण्याचा. मी ते सुखाने खाल्लं-प्यायलं, याची आज लाज वाटते.

पुंजाजीने मला मागच्या वर्षीचा तुकडा दाखवला. बाकीचं वावर भुसभुशीत. तो तुकडा सिमेंट ओतल्यासारखा. “पाणी देल्लं तवापासून वखर लागत नाई त्याले. साहेबानं कागदावर लिवलं, शेतकऱ्यानं हयगय केली.” त्याने टाचेने ढेकूळ दाबलं, ते फुटलं नाही. मग म्हणाला, “हा तुकडा गेला तर गेला. बाकीचं गाव जाऊ नये.”

पण मी अजून बी. एस्सी. होते. एक घोट आणि एक कडक तुकडा म्हणजे पुरावा नव्हे. सभेला वीस दिवस होते. मी कुंभाराकडून बारा गाडगी आणली. सगळ्यांत पुंजाजीच्या चांगल्या वावरातली माती, सगळ्यांत गटाचं तेच पांढरं खत, एकाच चिमटीने मापलेलं, सगळ्यांत त्याच्याच घरच्या बन्सी गव्हाचे दहा-दहा दाणे. सहा गाडग्यांना झिऱ्याचं पाणी, सहांना विहिरीचं. पाण्याच्या दोन घागरी. खाऱ्या घागरीवर आणि तिच्या सहा गाडग्यांवर मी चुन्याने फुली मारली. घागरी भरायला निघाले तर सुभद्रामायने माझ्या हातातून काढून घेतल्या. “तुमी पाव्हण्या. पाणी मी भरीन.”

त्याच आठवड्यात पुंजाजीने उरलेल्या वावरात, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, पाण्याचा थेंबही न देता तिफणीने गहू पेरला. जसा त्याचा बाप पेरत असे तसा.

नववा दिवस

नवव्या दिवशी बारा गाडग्यांत बारा हिरवीगार बेटं.

सगळी सारखी. मी पट्टी लावून मोजली, पुन्हा मोजली, मामांकडून मोजून घेतली. फुलीच्या गाडग्यातलं एक रोप तर सगळ्यांत उंच होतं. म्हणजे विहिरीच्या पाण्याने काही बिघडत नव्हतं. म्हणजे माझं तिसरं पान बरोबर होतं. म्हणजे ज्या घरात मी जेवत होते तो माणूस खरंच आळशी होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण पुरावा तो पुरावा. मी कागद घेतला आणि गटाच्या साहेबांना लिहायला बसले: ‘विहिरीचे पाणी रोपांस अपायकारक असल्याचे प्रयोगात दिसून येत नाही.’ सही केली. पुंजाजी उंबऱ्यावर बसला होता. त्याला मी वाचून दाखवलं, कारण पाठीमागून पाठवणं मला पटेना.

त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुमी डोळ्यानं पाह्यलं?”

“हो.”

“मंग पाठवा.”

एवढंच. त्याने वाद घातला असता तर मी पत्र पाठवलं असतं. मी लिफाफा हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागले. बैलांच्या दगडी डोणीजवळ पाय थांबले. डोणीच्या कडेला, जिथे पाणी वाळतं तिथे, पांढरी खपली धरली होती. बोटाने खरवडून चाखली: तीच कडवट खार. मग मी माझ्या फुलीच्या गाडग्यांकडे पाहिलं. नऊ दिवस खारं पाणी पिऊन त्यांच्या मातीवर एक पांढरा कण नव्हता.

मी धावत जाऊन फुलीच्या घागरीत हात बुडवला आणि बोट चाटलं.

गोड!

“माय!” माझ्या ओरडण्याने मामा खाटेवर उठून बसले. सुभद्रामाय पदराला हात पुसत बाहेर आली, आणि माझं ओलं बोट पाहून तिला सगळं समजलं.

“या घागरीत पाणी कुठलं?”

ती पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरू लागली. “झिऱ्याचं.”

“मी विहिरीचं भरायला सांगितलं होतं ना?”

“सांगतलं होतं जी. पण तुमी रोज सकाळी उठून त्यायले पाह्यता, मोजता, उन्हातून सावलीत घेता. लेकरं हायत थे तुमचे. पाव्हणीच्या लेकरायले मी खारं पाजू? हात होत नाई माहा.”

नऊ दिवस ती बाई माझ्या गव्हासाठी दीड कोसावरून एक घागर जास्तीची डोक्यावर आणत होती. स्वतः मात्र खारंच पीत होती. आणि मी? पाणी भरलेल्या घागरीवर चुन्याची फुली आहे, एवढ्यावर विश्वास ठेवून चाखूनही न पाहणारी शास्त्रज्ञ!

मी ओरडायला नको होतं. पण ओरडले. मामा हसता हसता खोकू लागले, पुंजाजीने कपाळावर हात मारला, “अवं, तुह्या पाहुणचारापायी गाव बुडत होतं न!” आणि सुभद्रामाय रडायच्या बेतात आली. तेव्हा मी पत्र फाडलं, तिच्यासमोर फाडलं, आणि तिच्या गळ्यात पडले. आमच्या मोर्शीत पाहुण्याला संत्री देतात. ती झाडावर भरपूर असतात. दीड कोसावरचं पाणी देणं ही वेगळी गोष्ट आहे.

सभेला अकरा दिवस उरले होते. पुन्हा नवी माती, तेवढंच खत, नवे दाणे, तीच बारा गाडगी. या वेळी सुभद्रामाय हट्टाने म्हणाली, चूक माही, तर खारं पाणी मीच देईन. आणि तिने दिलं. रोज सकाळी तोंड दुसरीकडे करून ती ओतायची आणि पुटपुटायची, “माफ कर बाप्पा, तुह्या भल्यासाठीच हाय.” मामा म्हणायचे, एवढा हळवा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत झाला नसेल.

चौथ्या दिवशी गोड्या गाडग्यांत कोंभ वर आले. खाऱ्यांत काही नाही. सातव्या दिवशी तिथे दहांतले तीन-चार दिसू लागले, तेही वाकडे, टोकं जळाल्यासारखी. दाणा उकरून पाहिला तर फुगायलाच उशीर झालेला: माती ओली, पण खारामुळे ते पाणी दाण्याला ओढून घेता येत नव्हतं. मूळ आखूड, तपकिरी. दहाव्या दिवशी गोड्या गाडग्यातलं रोप वीतभर आणि खाऱ्यातलं बोटाच्या दोन पेरांएवढं.

त्या संध्याकाळी चुलीजवळ मी दोघांना समजावत होते. “हे बघा, खतातलं नत्र मातीत मुरतं, त्याचं नायट्रेट होतं, ते मुळं उचलतात. पण मुळांशी खार गर्दी करतो, त्यामुळे नायट्रेट आत कमी जातं. आणि जे जातं त्याचं झाडाला पुढे काही करावं लागतं. नायट्रेट तसंच अंगी लागत नाही. झाडात एक रस असतो, तो त्याला बदलतो, मग त्याची प्रथिनं होतात, मग पान वाढतं. खारामुळे तो रसच मंदावतो.”

पुंजाजी मान हलवत होता, पण त्याचे डोळे सांगत होते की तो भलतीकडे आहे. सुभद्रामाय मात्र पळी हातात धरून थांबली.

“म्हंजे डाळ हाय,” ती म्हणाली. “खत म्हंजे डाळ. खाऱ्या पाण्यात शिजतच नाई. अर्धी भांड्यात पडत नाई, अन् पडली थे कच्चीच राह्यते. कच्च्या डाळीनं लेकरू कसं वाढीन?”

मी पाहतच राहिले. तीन वर्षं मी जे पाठ करून पास झाले ते या बाईने एका पळीत वाढून दिलं.

विसावा दिवस

सभा शाळेच्या ओसरीवर. साहेब जीपमधून आले. साताऱ्याकडचे, नवीन राज्यात वर्षभरापूर्वी इकडे बदलून आलेले, तरुण, कामाचे, प्रामाणिक. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकांत आम्ही साहेबाला नेहमी खलनायक करतो आणि हा नव्हता. सुभद्रामायने त्यांना लोटा दिला, त्यांनी तो घटाघटा संपवला आणि माझंच पत्रक हातात धरून वाचायला सुरुवात केली. “गावात विहीर आहे, विहिरीत पाणी आहे...”

पुंजाजी उभा राहिला. “साहेब, तुमी चुकून राह्यले.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. मामा हळूच म्हणाले, “रागावू नका, साहेब. इथे मान असलेल्यालाच असं तोंडावर सांगतात. बाकीच्यांना सांगतच नाहीत.”

मग मी उठले. “साहेब, ते पत्रक मी लिहिलंय. त्यातलं तिसरं पान खोटं आहे. मी या विहिरीचं पाणी न चाखता लिहिलं. या गावाची माफी मागते.”

साहेबांनी पत्रक गुडघ्यावर उलटं ठेवलं.

मी बारा गाडगी मांडली. साहेबांना म्हटलं, तुमच्या हाताने निवडा. त्यांनी गोड्यातलं एक रोप उपटलं, खाऱ्यातलं एक, आणि पुंजाजीच्या कोरडवाहू वावरातलं एक स्वतः जाऊन घेऊन आले. मी पांढऱ्या बशीत तिन्ही देठ कापले आणि बाटलीचं बूच काढलं. मामा चार हात मागे सरकले.

पहिला थेंब. गोड्या पाण्याचा देठ निळा झाला, कपड्याला घालायच्या निळीसारखा गर्द. लोक पुढे वाकले. दुसरा थेंब. खाऱ्या पाण्याचा देठ नुसता मळकट. डोळे ताणले तर कडेला निळसर झाक. “खत दोन्हींत सारखं आहे, साहेब. एकाने खाल्लं, दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचलंच नाही.” तिसरा थेंब, पुंजाजीच्या वावरातला, खत नाही, पाणी नाही: गर्द नव्हे, पण स्वच्छ, निःसंशय निळा!

“हावऽऽ!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

साहेब हसले नाहीत. वाकून त्यांनी गाडग्यांतली माती पाहिली आणि सरळ उभे राहून म्हणाले, “बाई, शब्द थोडा कडक वापरतोय. तुम्ही या सहा गाडग्यांत मीठ घातलंय.”

“मी?”

“या विहिरीचं पाणी खारं नाही. मी इथे वर्षभर येतोय, दर वेळी पितोय. आत्ताही प्यायलो. चांगलं गोड आहे.”

एकामागून एक माना खाली गेल्या. पुंजाजीने बायकोकडे पाहिलं, बायकोने शेजारणीकडे, शेजारणीने आभाळाकडे. आणि मला एकदम कळलं की हे फर्मान कुठून निघालं. साहेब ज्या ज्या घरी गेले, त्या त्या घराने त्यांना दीड कोसावरचं पाणी पाजलं होतं. पाहुण्याला खारं द्यायचं नाही! सगळं गाव वर्षभर आपल्या हाताने, आपल्या पितळी लोट्याने, साहेबांची समजूत पक्की करत आलं होतं.

“साहेब,” पुंजाजी म्हणाला, “थे हिरीचं नव्हे जी. थे झिऱ्याचं.”

“मग विहिरीचं आणा.”

कोणी हललं नाही. मी सांगते, त्या क्षणी ठराव, जमीन, माझी बारा गाडगी, सगळं एका लोट्यावर अडलं होतं आणि अख्ख्या गावात तो लोटा उचलायला हात नव्हता. पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे तिथे जवळजवळ शिवी.

सुभद्रामाय उठली. विहिरीवर गेली, पोहरा सोडला, लोटा भरला आणि सगळ्यांच्या देखत साहेबांपुढे धरला. तिने या वेळी तोंड फिरवलं नाही.

“प्या साहेब. आमी हेच पेतो. अन् यात डाळ शिजत नाई जी, मंग खत कसं शिजीन?”

साहेबांनी मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. थुंकायला जागा होती; थुंकले नाहीत, गिळलं. दुसरा घोट घेतला, बहुधा खात्रीसाठी. मग लोटा खाली ठेवून विचारलं, “लहान मुलंसुद्धा हेच?”

“हो जी.”

“मला एकानेही का सांगितलं नाही?”

“सांगतलं होतं,” पुंजाजी म्हणाला. “तुमाले वाटलं, आळसानं सांगून राह्यले.”

साहेबांनी ठरावाचा कागद घेतला, आडवी रेघ मारली आणि त्याच्याच पाठीवर तिथेच लिहिलं: या गावात गव्हाला विहिरीचं पाणी द्यायचं नाही, गहू मुरलेल्या ओलीवरच पेरायचा, खत द्यायचं तर पेरतानाच, ओलीत, थोडं, आणि गटातल्या कोणत्याही विहिरीवर योजना नेण्याआधी तिचं पाणी तपासायचं. पुंजाजीवरचा हयगयीचा शेरा त्यांनी त्याच्यासमोर खोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, मीठ घातल्याचं बोललो ते मागे घेतो.” मी म्हटलं, “मी आळस मागे घेतला, आपण फिटलो.”

वाचकहो, मी मोर्चे पाहिले आहेत, घोषणा दिल्या आहेत, पण असा विजय पाहिला नव्हता. त्या दुपारी पुंजाजीच्या वावरात रोडगे झाले: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे खरपूस गोळे, तुपात कुस्करून, वांग्याच्या तिखटजाळ भाजीबरोबर. साहेबांनी तीन खाल्ले आणि घाम पुसत चौथा मागितला. समोर काळ्या मातीतून गव्हाच्या हिरव्या ओळी सरळ बांधापर्यंत गेल्या होत्या, एका थेंबाशिवाय उगवलेल्या, आणि आता त्यांच्यावर खार सोडायची कुणाची हिंमत नव्हती. पुंजाजी त्या ओळींकडे पाहत जेवत होता. मामांच्या ताटात त्याने सगळ्यांत मोठा रोडगा टाकला.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचून ‘छान’ म्हणू नका. उद्या सकाळी आपल्या विहिरीचं पाणी, पाहुण्यांसाठी ठेवलेलं नव्हे तर तुमचं रोजचं, एका गाडग्यात द्या आणि पावसाचं धरून ठेवलेलं किंवा कुठलंही गोडं पाणी दुसऱ्यात. दोन्हींत आपल्याच वावरातली माती, आपल्याच घरच्या गव्हाचे दहा-दहा दाणे. दहा दिवस थांबा. खाऱ्या गाडग्यातले कोंभ मागे पडले, तर ते गाडगं तसंच उचला, गटाच्या कचेरीत जा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवा. बरोबर त्याच विहिरीचा एक लोटा न्या, आणि संकोच न करता त्यांना प्यायला द्या.